दामोदरची तारीख

परळला जायचंय म्हटलं की शहापूर-मुरबाडकडच्या घरात आधी एकच प्रश्न येतो, "कोण आहे ॲडमिट?" परळ म्हणजे केईएम, नाहीतर टाटा. त्याखेरीज तिथे आपलं काय काम? आज तुम्हाला दुसऱ्याच कामासाठी न्यायचं आहे, तेव्हा घरात नीट सांगून निघा, उगाच कुणाच्या पोटात गोळा नको.

मुरबाडचे असाल तर एसटीने कल्याण गाठा, शहापूरचे असाल तर रिक्षाने आसनगाव. कसाऱ्याहून येणारी गाडी आसनगावलाच भरलेली असते. दारातले लोक रोजचे आहेत, त्यांच्याशी वाद न घालता आत सरका. दादरला उतरून धिमी गाडी पकडा, पुढचंच स्टेशन परळ. पूर्वेला बाहेर पडा. एक्स-रेची पाकिटं काखेत मारून फिरणारे नातेवाईक, फुटपाथवर चटई टाकून बसलेली माणसं, शहाळीवाले, या सगळ्यांतून वाट काढत डॉ. आंबेडकर रस्त्याकडे चला.

इथे दामोदर होतं. पूर्ण नाव दामोदर ठाकरसी मुळजी सभागृह. परळकर 'दामोदर हॉल' म्हणायचे आणि कोकणातला माणूस नुसतंच 'दामोदर'. 1922 मध्ये उभं राहिलं, 2023 च्या नोव्हेंबरात बंद झालं, पुढच्या वर्षी पाडलं गेलं.

वास्तू गेली की लिहिणारे हळवे होतात, आणि मग त्यांना पाडलेली प्रत्येक भिंत देखणी दिसू लागते. मला दामोदरच्या देखणेपणाशी कर्तव्य नाही. ही वास्तू ज्यांच्या भल्यासाठी बांधली, त्यांनी ती बांधणाऱ्यांच्या हातून अलगद काढून घेतली आणि आपल्याला हवी तशी वापरली. ते कसं घडलं, हे बघायला तुम्हाला शंभर वर्षं मागे नेतो.

एकदम उडी नको. एकेक गोष्ट काढत चला. समोरचे काचेचे टॉवर काढा आणि त्यांच्या जागी गिरण्यांच्या चिमण्या परत उभ्या करा. टाटा रुग्णालय काढा, ते 1941 चं. केईएम काढा, ते 1926 चं. रस्त्याच्या पाटीवरचं नावही पुसा. ज्यांचं ते नाव आहे ते या वेळी लंडनला शिकताहेत आणि त्यांचं कुटुंब इथून चालत जाण्याच्या अंतरावर, पोयबावडीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतंय. गाड्यांचे हॉर्न बंद करा, ट्रामची घंटा सुरू करा. आता हवेत पेट्रोल नाही, कोळशाचा धूर आहे, आणि त्यात कापसाची बारीक तूस, जी तुमच्या भुवयांवर आतापर्यंत बसलीसुद्धा असेल.

तहान लागली तर नळाला ओंजळ लावा. पाणी ओळखीचं लागेल. तुमच्याच तालुक्यातलं आहे ते. तानसाचं धरण 1892 मध्ये पुरं झालं आणि तेव्हापासून शहापूरचं पाणी मुंबईत नांदतंय. ओंजळ लावताना कुणी जात विचारली नाही, तर तुमचं नशीब. त्या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येऊ.

1922. सभागृह नवंकोरं आहे, चुन्याचा आणि रंगाचा वास अजून गेलेला नाही. दारातून आत-बाहेर करणाऱ्या मंडळींमध्ये मूळचे गोरेगावचे एक गृहस्थ दिसतील. गोरेगाव म्हणजे मुंबईचं उपनगर नव्हे, माणगावजवळचं. नारायण मल्हार जोशी. भारत सेवक समाजाचे सदस्य. 1911 मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, 1920 मध्ये आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या उभारणीतही ते पुढे होते, आणि गेल्या वर्षापासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून जातात. आवाज चढवणारा माणूस नव्हे. आकडे मांडणारा, अर्ज लिहिणारा, पुन्हा अर्ज लिहिणारा.

लीगची कामं बघा: कामगारांसाठी रात्रशाळा, पेटीत पुस्तकं भरून चाळीचाळींत नेलेली फिरती वाचनालयं, दवाखाना, सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला सहकारी पतपेढ्या, पडद्यावर चित्रं दाखवून आरोग्यावरची व्याख्यानं. आणि आता हे सभागृह. नाव गिरणीमालक घराण्यातलं, कल्पना समाजसेवकांची, बसणार गिरणी कामगार. या तिघांचं एका गोष्टीवर एकमत असेल, असं समजू नका.

सुधारकांचा हिशेब सरळ होता. याच वर्षीच्या कारखाना कायद्याने कामाचे तास आठवड्याला साठावर आणले. म्हणजे कामगाराच्या हाताशी संध्याकाळी थोडा वेळ उरणार. बायको-पोरं गावी, इथे एका खोलीत दहा-पंधरा जण, जेवण खानावळीत. असा माणूस संध्याकाळी जाणार कुठे? गुत्त्यावर, नाहीतर जुगाराच्या फडावर. त्याला तिसरं दार उघडून द्यावं, तिथे चांगलं ऐकवावं, चांगलं दाखवावं, वळण लावावं. हेतूबद्दल शंका घेऊ नये. पण मागच्या रांगेत बसून बघा: व्याख्यान सुरू आहे, पडद्यावर माशीचं भलंमोठं चित्र आहे, आणि शेजारचा बदली कामगार पेंगतोय. पहाटेच्या भोंग्याला उठलेला आहे बिचारा. उपदेश ऐकायला माणूस एकदा येतो, दोनदा येतो. तिसऱ्यांदा येतो तो स्वतः काही करायला मिळणार असेल तरच.

तर दोन वर्षं पुढे चला.

9 मार्च 1924, रविवार. सुट्टीचा दिवस, म्हणून भोंगे गप्प आहेत. तुम्ही आत शिराल तेव्हा आजची बैठक वेगळी आहे हे लगेच कळेल. इथे कुणी कुणाला वळण लावायला आलेलं नाही. लंडनहून परतून वकिली सुरू केलेले डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ही बैठक बोलावली आहे. अस्पृश्य समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी, शिक्षणाची सोय करणारी मध्यवर्ती संस्था काढायची का, यावर विचार. चार महिन्यांनी, 20 जुलैला, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे आणि पुढे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झालेले बाळ गंगाधर खेर. प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. आणि कचेरी? हीच. दामोदर हॉल, परळ.

आता तुमच्या पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाकडे नीट बघा. स्वच्छ धुतलेला सदरा, टोपी मांडीवर. उद्या सकाळी हा गिरणीत जाईल तेव्हा सूतकताईच्या खात्यात जाईल. विणकामाच्या खात्याचं दार त्याला बंद आहे, आणि पगार जास्त आहे तो नेमका तिथेच. कारण असं सांगतात: कांडी संपली की धोट्यात नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्याने तिथे पाऊल टाकायचं नाही. नळाची गोष्ट मघाशी अर्धी सोडली होती, ती हीच. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला होता. ठराव कागदावर, धोटा हातात. 1928 मध्ये मुंबईतल्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या, तेव्हा संपाच्या मागण्यांत विणखात्याचा हा प्रश्नही घ्या, असा आग्रह आंबेडकरांनी धरला.

गंमत अशी की सुधारकांच्या यादीतली बरीच कामं या सभेनेही केली. सोलापूरला जानेवारी 1925 मध्ये वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय, आणि तरुणांसाठी चक्क एक महार हॉकी क्लब. जुगार आणि दारूपासून पोरं लांब राहावीत, हाच हेतू. पण 'तुम्ही सुधारा' आणि 'आपण शिकू' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर या एकाच छपराखाली दोन वर्षांत कापलं गेलं. लीगने त्यांना जागा दिली हे लीगच्या पदरात घालायलाच हवं. जोशींचा आणि आंबेडकरांचा रस्ता एक नव्हता, तरी दार एक होतं.

इथून मोठी उडी मारू. स्वातंत्र्य येऊ द्या, संयुक्त महाराष्ट्राची लढाई होऊ द्या, 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम जाऊ द्या. त्यानंतरच्या वर्षांतली हिवाळ्यातली कुठलीही रात्र धरा आणि कोकणातल्या कुठल्याही गावाचं मुंबई मंडळ धरा. संगमेश्वर घ्या, लांजा घ्या, गुहागर घ्या. तपशिलात फार फरक पडणार नाही.

आज त्या गावाचं नमन आहे.

दारावर कापडी फलक आहे. वरच्या ओळीत ग्रामदेवतेचं नाव, त्याखाली 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई', त्याखाली 'गावच्या शाळेच्या इमारतीच्या साहाय्यार्थ'. हातात हँडबिल कोंबलं जातं. ते फेकू नका, वाचा. पेट्रोमॅक्स सांभाळणाऱ्यापासून वेशभूषावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं त्यात आहेत, आणि एकाचंही राहिलं तर पुढची दोन वर्षं मंडळात भाऊबंदकी चालते. दारात सेक्रेटरी उभे आहेत. कोटावर कागदी फूल. गिरणीत ते साचेवाले आहेत, पहिली पाळी करून आलेत, आणि आज त्यांच्याएवढा मोठा माणूस परळमध्ये नाही.

"कुटनं आलाव?" ते विचारतात.

"शहापूर."

"म्हंजे कसाऱ्याकडचं. तुमच्याकडं नमन न्हाय."

"नमन नाही. बोहाडा आहे."

त्यांना बोहाडा माहीत नाही. तुम्ही सांगता: चैत्र-वैशाखात, रात्री, टेंभ्यांच्या उजेडात देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचतात, संबळ आणि सनई वाजते, कोणतं सोंग कोणत्या घराण्याकडे हे ठरलेलं असतं. ते मान डोलावतात. "मंग बसा म्होरं. तुमाला कळंल." आणि पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या, म्हणून तुम्हाला तिसरीत जागा करून देतात.

पडदा अजून पडलेलाच आहे. तेवढ्यात प्रेक्षक बघून घ्या, तेही बघण्यासारखे आहेत. पुढे बुजुर्ग, टोप्यावाले. मधे गिरणीतले तरुण, केसांना तेल लावून. एका बाजूला बायका, कमी आहेत पण आहेत. काही खोली मिळाली म्हणून मुंबईत आलेल्या, काही खास आजच्यासाठी गावाहून बोटीने किंवा एसटीने आलेल्या. वर्षभर यांतले निम्मे लोक एकमेकांना भेटत नाहीत. एक लोअर परळच्या गिरणीत, एक शिवडीच्या, एक गोदीत, एक कुणाच्या तरी बंगल्यावर वॉचमन. गावकीच्या खोलीत ज्यांच्या वळकट्या एकावर एक असतात तेसुद्धा पाळ्यांमुळे एकमेकांना झोपलेलेच दिसतात. एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची लागते, अंथरूण तेच. आज सगळे एका वेळी जागे आहेत.

तिसरी घंटा. मृदंगावर थाप पडते आणि टाळ उचलले जातात. खेळे अंगात पायघोळ झगे, डोक्याला पागोटी घालून उभे. नमन सुरू होतं ते धरतीपासून, मग देवांमागून देव, आणि मग गावचे. गावदेवी, वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, डोंगरावरचा. आपल्या वाडीच्या देवाचं नाव आलं की त्या त्या रांगेतून हात जोडले जातात. तुम्हाला गावाचा नकाशा माहीत नसला तरी या हातांवरून तो काढता येईल: ही रांग वरच्या वाडीची, ती खालच्या, तो कोपरा खाडीकडचा.

गणपती येऊन जातो. मग संकासूर. लांब टोकदार टोपी, अंगभर काळं, कमरेला घुंगरू, हातात दोरी. पोरं आयांच्या पदरात तोंडं लपवतात आणि लगेच एका डोळ्याने बघतात. तुमच्या शेजारचा म्हातारा सांगतो की हे सोंग करणारा दिवसा सेंच्युरीत आहे. मग गवळण. कृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि मावशी. मावशीचं काम करणारा मिशीवाला गृहस्थ मुकादम आहे, आणि त्याच्या हाताखालचे कामगार पुढून ओरडून वर्षभराची उसनवारी फेडून घेतात. मावशीही कमी नाही. ती एकेकाचं नाव घेऊन, कोण पाळीवर झोपतो, कुणी खानावळवालीचे पैसे बुडवलेत, सगळं गाण्याच्या ओघात काढते. माशीच्या चित्राने जे साधलं नव्हतं ते इथे दहा मिनिटांत साधतं, कारण इथे वळण लावणारीही मावशीच आणि वळण नसलेलीही मावशीच.

मधेमधे चिठ्ठ्या येतात. कुणाकडून दोन रुपये बक्षीस, कुणाकडून पाच. माइकवर नाव, वाडी, रक्कम. पाचवाल्याचं नाव दोनदा घेतात. दोनवाला ते ऐकतो आणि थोड्या वेळाने त्याचीही दुसरी चिठ्ठी येते. शाळेच्या भिंती अशा वर चढतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या बोहाड्याच्या डोळ्यांना खुपेल. गावात हेच नमन रात्रभर चालतं, कोंबडा आरवेपर्यंत. इथे विंगेत एक माणूस घड्याळ बघतोय. ठरलेल्या तासांत आटपायचं, नाहीतर भाडं वाढतं आणि शेवटची गाडी चुकते. म्हणून नमनातले देव थोडे भरभर येतात, खेळ्यांचे फेरे कमी होतात, आणि वगाला जास्त वेळ मिळतो. वगात ऐतिहासिक कथा, तलवारी, रंगीत दिवे, रंगवलेले पडदे. गौळणींत हळूहळू पुरुषांच्या जागी बायका आल्या. जाणकार नाकं मुरडतात की हे 'मुंबईचं नमन'. मला विचाराल तर त्यात रडण्यासारखं काही नाही. गावात जे देवाचं होतं ते इथे तिकीट काढून बघायचं झालं, आणि तिकीट काढलेल्या माणसाला कंटाळायचा अधिकार असतो. त्याने कला घासली गेली, आणि थोडी झिजलीही. पुढे हीच दिवे-पडद्यांची नमनं सुट्टीत गावी गेली आणि तिथल्या पोरांनी त्यांची नक्कल केली.

नमन एकटंच नव्हतं. याच मंचावर शक्ती-तुऱ्याचे सामने रंगले, घुंगरू बांधलेली पोरं गोलात नाचताहेत आणि दोन शाहीर एकमेकांना कोड्यात पकडताहेत. सिंधुदुर्गाकडचे दशावतार आले. कामगारांनी बसवलेली तीन अंकी नाटकं तर सतत. सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्थेने याच वास्तूच्या आधाराने शंभरी गाठली. व्यावसायिक रंगभूमीच्या इतिहासात दामोदरला फार पानं मिळत नाहीत, कारण इथे नट म्हणून उभा राहिलेला बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सात वाजता कामावर होता.

मध्यंतरात बाहेर या. वडा खा, चहा घ्या. सेक्रेटरी आता जरा मोकळे झालेत. त्यांना विचारा, सगळ्यांत अवघड काय? तालीम? नाही, ती गावकीच्या खोलीत होते, शेजारचे शिव्या देतात इतकंच. पैसे? ते जमतात. मग? "तारीख," ते म्हणतात. शनिवार रात्र किंवा रविवार. सणाच्या आधी नको, कारण सगळे गावी. पगार झाल्यावर हवी, कारण त्याआधी तिकीट कोण घेणार. असे रविवार वर्षात किती येतात ते बोटांवर मोजा, आणि तेवढेच रविवार मागणारी गावं मोजा. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला हेलपाटे, ओळखी, अर्ज. तारीख पक्की झाली की पहिलं पोस्टकार्ड गावी जातं. तिथे ते देवळात वाचून दाखवतात.

हे भाडं गावाच्या मंडळाला झेपत होतं, यात दामोदरचं निम्मं रहस्य आहे. आणि ते कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, यात उरलेलं निम्मं.

18 जानेवारी 1982 ला फार वेळ थांबवत नाही. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. भोंगे बंद झाले, चिमण्यांतून धूर थांबला. कितीतरी जण गावी परतले ते कायमचे. गावकीच्या खोल्या कुठे विकल्या गेल्या, कुठे वाटणीत गेल्या. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काय उगवलं ते तुम्ही मघाशी आल्या आल्या काढून टाकलं होतं. दामोदरवर तेव्हाच पडदा पडला असता तर ते तर्काला धरून झालं असतं. पण तसं झालं नाही. परळ सोडून माणसं नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, टिटवाळा अशी पसरत गेली, तुमच्या वासिंद-आसनगावपर्यंत येऊन पोचली, आणि नमनाच्या दिवशी तीच माणसं लोकल पकडून उलटी परळला येऊ लागली. घर हललं तरी तारीख हलली नाही. आसनगावच्या प्लॅटफॉर्मवर एखाद्या रविवारी जरीची साडी नेसलेल्या बायकांचा घोळका दिसला असेल, हातात डबे, एकीच्या पिशवीतून मोरपीस डोकावतंय. तुम्हाला वाटलं असेल लग्नाला निघाल्यात.

आता 2023. नोव्हेंबर. दार बंद. जागेचा पुनर्विकास, त्यात आवारातल्या शाळेची नवी इमारत. शाळा ही काही वाईट गोष्ट नव्हे, लीगचा जन्मच शिकवण्यासाठी झाला होता. नाट्यकर्मींचं म्हणणं वेगळं पडलं: नाट्यगृह आधी होतं तेवढंच, आधी होतं तिथेच मिळणार का? आंदोलनं झाली, अभिनेते आले, प्रश्न सरकारदरबारी पोचला, वर्तमानपत्रांनी जागा दिली. 2024 मध्ये पाडकाम झालं. बातम्यांतून दामोदर 'ऐतिहासिक वास्तू' झालं. इतकी वर्षं ते नुसतं दामोदर होतं, तेव्हा मंडळी त्याच्या पायऱ्यांवर बसून वडे खात होती.

वादात सगळं बोलणं आसनांच्या संख्येवर झालं. संख्या महत्त्वाची आहेच. पण सेक्रेटरींनी विचारलं असतं ते कुणी फारसं विचारलं नाही: भाडं काय असणार, आणि शनिवार-रविवारच्या रात्री कुणाला मिळणार? उत्तम आवाजाची, वातानुकूलित, नव्या कोऱ्या खुर्च्यांची नाट्यगृहं मुंबई-ठाण्यात बांधता येतात, बांधलीही आहेत. तिथे रविवार व्यावसायिक नाटकांना लागतो, ते त्यांचं पोट आहे. गावाच्या मंडळाने अर्ज केला तर हाती उरलेला वार येतो.

चला, परत आपल्या लाइनवर. वाटेत कल्याण लागेल. तिथे आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर, आणि मुंबईत अजून साहित्य संघ आहे, शिवाजी मंदिर आहे. मंडळं यांतच वाट काढताहेत. त्याच गावाचे आजचे सेक्रेटरी तुम्हाला गाडीतच भेटतील. मघाच्या सेक्रेटरींचा मुलगा म्हणा, नातू म्हणा. राहायला आसनगावला, नोकरी ठाण्याला, कुरिअर कंपनीत. कोटाऐवजी पाठीला सॅक. फोनवर कुणाशी तरी घासाघीस चाललीय.

"मंगळवार? दुपारचा?" तो विचारतो. "अहो, मंगळवारी दुपारी विरारहून कोण येणार?"

पलीकडून काहीतरी उत्तर येतं. तो ऐकतो, खिडकीबाहेर बघतो, मनात हिशेब करतो. मग फोन कानापासून दूर धरून शेजारी बसलेल्या वडिलांना विचारतो. वडील सुट्टीचं कॅलेंडर मागतात, बोटाने महिने चाळतात, एका तांबड्या आकड्यावर थांबतात.

"या मंगळवारी सरकारी सुट्टी आहे," ते म्हणतात. "घे. आणि हँडबिलात सगळ्यांची नावं नीट घाल. मागच्या वेळी मृदंगवाल्याचं राहिलं होतं."